घरात विचारून सांगतो

गेल्या महिन्यात माझ्या खोलीतला पंखा बिघडला. बटण दाबलं की नुसता गुणगुणायचा, जागचा हलायचा नाही. वायरमन आला, शिडीवर चढला, छताजवळची वाटी खाली सरकवून आतला कंडेन्सर काढला आणि नवा बसवला. पाच मिनिटांचं काम. नेमका ते सुरू होण्याआधी तुमचा फोन आला आणि तुम्ही विचारलंत, "आजी, इतकी हळू का बोलतेस?" मी म्हटलं, घरात माणूस आलाय कामाला. खरं कारण ते नव्हतं. कंडेन्सर काढण्याआधी मी वायरमनला म्हटलं होतं, "दोन मिनिटं असाच चालू ठेव रे, गुणगुणू दे त्याला." तो बिचारा शिडीला टेकून उभा राहिला आणि मी थांबलेल्या पात्यांकडे बघत बसले. अशा पंख्यासमोर मोठ्याने बोलायचं नसतं, ही माझी फार जुनी सवय आहे. ती कुठून लागली ते आज नीट लिहून काढते, म्हणजे आजीला भ्रम झालाय असं तुम्हाला वाटायचं नाही. किंवा वाटलंच, तर निदान पूर्ण हकिगत वाचून वाटेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या, म्हणजे लढाईच्या वर्षांत आम्ही नगरला सरांच्या घरात भाड्याने राहत होतो. खाली आम्ही, वर सर आणि काकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. सर हायस्कुलात शास्त्र शिकवत. त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात कायम एक लांब थर्मामीटर असे. आमच्याकडे चहाला आले की ते आधी थर्मामीटर चहात बुडवत, डोळ्यांजवळ नेऊन बघत आणि म्हणत, "अडुसष्ट. दोन मिनिटं थांबू." आईला ते मुळीच खपत नसे. आत येऊन ती पुटपुटायची, "चहा केलाय की चहाला ताप आलाय?"

कोणी काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न असे, "पुरावा?" गवळी म्हणाला दूध निर्भेळ आहे, "पुरावा?" मी म्हटलं सर, गणितं झाली, "पुरावा?" मला ते 'पहिल्या नंबरच्या बाई' म्हणत, आणि वर्षाच्या शेवटी निकाल लागला की म्हणत, "हं, हा पुरावा."

पण गावात त्यांचं दुसरं वाक्य जास्त प्रसिद्ध होतं. भाडेकरूने खिडकीला नवी दारं मागितली, शाळेने सहलीला बरोबर चला म्हटलं, कोणी देवळाची वर्गणी मागितली, तरी सर एकच उत्तर देत, "घरात विचारून सांगतो." आणि खरंच विचारत. स्वतःहून 'हो' किंवा 'नाही' म्हणताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून थट्टा चाले. सरांना त्याचं काही वाटत नसे. "मी निरीक्षण करतो, निष्कर्ष ती काढते," असं ते म्हणत.

काकू कोल्हारकडच्या, प्रवरेकाठच्या. बुटक्या, सावळ्या, शब्दाला महाग. त्यांना काही विचारलं की त्या हातातलं काम आधी संपवत. लसूण सोलत असल्या तर शेवटची पाकळी सोलून होईपर्यंत समोरच्याने उभं राहायचं. मग एकच शब्द येई आणि त्यावर बोलणं संपे. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्ही लगेच का नाही हो सांगत?" त्या म्हणाल्या, "आमच्या देवीला कौल लावतात, पाहिलास कधी? दोन ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण पडेपर्यंत बसावं लागतं गं. जे लगेच पडतं तो कौल नव्हे, तो वारा."

माझ्यावर त्यांची माया होती, पण माझ्या पुस्तकांवर नव्हती. "मुलगी फार शिकली की घरात दोन पुरुष होतात," असं त्यांनी माझ्या आईला माझ्यादेखत सांगितलं होतं.

पंखा घरात आला तो काकूंच्या आजारपणात. त्यांचा ताप हटेना. लष्करी कॅम्पातला कोणी गोरा अधिकारी सामान विकून विलायतेला चालला होता, त्याच्याकडून सरांनी तो आणला. काळा, लोखंडी, चार पात्यांचा. आमच्या गल्लीत पहिलाच. काकूंच्या खोलीतल्या तुळईला तो टांगला, आणि खाली खाटेवर काकू. शेजारच्या भिंतीवर सर खडूने दर दोन तासांनी ताप लिहीत. आकड्यांचा एक उभा रकाना, त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा.

त्या गेल्या त्या दिवशी मी तिथे होते. मी तेव्हा पंधरा वर्षांची असेन. उन्हाळा होता, दुपारचे दोन वाजत आले होते आणि वीज गेली. लढाईत ती वरचेवर जाई. पंखा मंदावत गेला, पाती एकेक वेगळी दिसू लागली, आणि काकूंचा श्वासही तसाच मंदावत गेला. दोन्ही कधी थांबले ते नेमकं सांगता येणार नाही. सरांनी थर्मामीटर हातात घेतला, पुन्हा खिशात ठेवला. भिंतीवर पुढचा आकडा त्यांनी लिहिला नाही. तो रकाना तसाच अर्धा राहिला.

थोड्या वेळाने वीज आली. पंखा फिरला नाही, फक्त गुणगुणू लागला, डबीत भुंगा कोंडल्यासारखा. बटण बंद करायचं कोणाला सुचलं नाही. बायका जमल्या, खाली पुरुषांनी तयारी केली. माझे वडील, अण्णा, वर आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, उशीर नको. न्यायचं ना आता?"

सर सवयीने खाटेकडे वळले. "घरात विचारून..." एवढं बोलले आणि थांबले.

खोलीत कोणी हललं नाही. आणि तेव्हा पंखा हलला. एक पातं इकडून तिकडे सरकलं, मग दुसरं, आणि पंखा फिरू लागला. पण उलटा. मुलांनो, पंखा उलटा फिरला की त्याचा वारा वर जातो, खाली येत नाही. पाती फिरताना दिसतात आणि अंगावर झुळूक नाही. कोपऱ्यातलं कोळिष्टक तेवढं हलत होतं. सर वर बघत म्हणाले, "नाही म्हणते. थांबा."

दुःखाने माणूस असं बोलायचाच, म्हणून सगळे थांबले. तासाभराने दारात टांगा उभा राहिला. श्रीरामपूरहून काकूंचे भाऊ आले होते. त्यांना कोणी कळवलेलं नव्हतं. "सकाळपासून जीव लागेना, म्हणून गाडीत बसलो," म्हणाले. त्यांनी बहिणीच्या तोंडात पाणी घातलं. मग सरांनी पंख्याचं बटण बंद केलं, पाती थांबू दिली, पुन्हा चालू केलं आणि वाट बघत उभे राहिले. या खेपेला पंखा सुलटा फिरला. काकूंच्या कपाळावरचे केस वाऱ्याने हलले. "आता न्या," सर म्हणाले.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यानंतर सरांचं 'घरात विचारून सांगतो' बंद पडेल असं सर्वांना वाटलं. ते पडलं नाही. फक्त विचारायची वेळ ठरली. शाळा नसेल त्या दिवशी, दुपारी दोन. सर काकूंच्या खोलीत जात, खाटेच्या पायथ्याशी उभे राहत, प्रश्न मोठ्याने आणि एकदाच विचारत, आणि बटण दाबत. पंखा गुणगुणायचा. सर हातात घड्याळ घेऊन दहा मिनिटं थांबत. त्याहून जास्त नाही, कारण अडलेली मोटर तापते आणि आतली तार जळते. कधी पाचव्या मिनिटाला, कधी नवव्या मिनिटाला पाती हलत. अंगावर वारा आला तर हो. पाती फिरली आणि वारा आला नाही तर नाही. काहीच हललं नाही तर सर बटण बंद करून म्हणत, "आज तिला बोलायचं नाही."

मी एकदा धीर करून विचारलं, "सर, याचा पुरावा?"

ते रागावले नाहीत. "पंख्याचा कंडेन्सर गेला आहे, एवढा पुरावा माझ्याजवळ आहे," ते म्हणाले. "या मोटरला आपण होऊन कुठल्या बाजूला फिरावं ते ठरवता येत नाही. पहिला रेटा कंडेन्सर देतो. तो गेला की मोटर नुसती ताटकळते. मग कोणी बोटाने ढकललं तरी पुरे, जिकडे ढकलाल तिकडे ती जाते. हे पुस्तकात आहे. ढकलतं कोण, ते पुस्तकात नाही."

"मग नवा कंडेन्सर का नाही बसवत?"

"चांगल्या यंत्रात कोणाला जागा नसते," सर म्हणाले. "बिघडलं की फट पडते."

काकूंना दरवर्षी ज्वारी घालणारा घोडेगावकडचा एक शेतकरी होता. तोही काकूंच्या सल्ल्याने वागणारा. एकदा तो आला आणि जिन्याखाली पागोटं काढून बसला. "मास्तर, जोडीतला एक बैल बाजारात काढावा म्हनतो. इकू का नको, एवढं बाईस्नी इचारा."

सरांनी दोन वाजता विचारलं. मी आणि तो दाराशी उभे. सहाव्या मिनिटाला पाती उलटी फिरली. त्याने तोंड वर करून गालावर वारा येतो का पाहिलं. "न्हाई म्हनत्यात व्हय?" म्हणाला आणि मुकाट निघून गेला. पुढच्या पंधरवड्यात जोडीतला दुसरा बैल साप चावून मेला. पहिला विकला असता तर पेरणीला त्याच्या हातात काही उरलं नसतं. तो शेंगांची पाटी घेऊन आला आणि पंख्याखाली ठेवून त्याने हात जोडले.

सर खवळले. "अरे, हा पंखा आहे. देव नाही."

"पंखाच हाय की, मला काय दिसत न्हाई?" तो म्हणाला. "मी बाईस्नी हात जोडतोय. तुमी मदी हायसा, जरा बाजूला सरा."

सर खरंच बाजूला सरले.

लढाई संपली आणि मी मॅट्रिक झाले. मला पुण्याला कॉलेजात जायचं होतं, शास्त्र शिकायचं होतं. त्याच महिन्यात श्रीरामपूरचं एक स्थळ आलं. घरचा कापसाचा व्यापार, मुलगा बरा होता. आई म्हणाली, दारी आलेलं परत लावू नये. अण्णा दोन्हीकडे मान हलवत. ते पोस्टात कारकून होते आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या शिक्क्यावर विसंबून राहिले होते. शेवटी म्हणाले, "सर म्हणतील तसं."

मी जिना चढून वर गेले आणि सरांना म्हटलं, "सर, तुम्ही हो म्हणा."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, मग काकूंच्या खोलीच्या दाराकडे. "गुरुवारी शाळेला सुट्टी आहे," ते म्हणाले. "घरात विचारून सांगतो."

उत्तर काय येणार ते मला आधीच ठाऊक होतं. घरात दोन पुरुष होतात.

कापडबाजाराच्या मागे एक रेडिओवाले चाचा होते. लढाईनंतर कॅम्पातलं मोडकं सामान लिलावात निघे, ते आणून त्यातून चालतं-बोलतं काही तरी बनवत. मी त्यांच्या दुकानात गेले आणि पंख्याचा कंडेन्सर मागितला. त्यांनी पंखा केवढा ते विचारलं, पेटीतून एक करड्या रंगाची, दोन तारांची पत्र्याची डबी काढली, आणि मग हात तसाच ठेवून म्हणाले, "कोणाचा पंखा, बेटा?"

"आमच्या घरमालकांचा."

"मास्टरसाहेबांचा?" डबी त्यांनी माझ्या हातात दिली नाही. "मी गेल्तो तिथे. बाई वारल्या त्याच महिन्यात. शाळेतल्या कोणी तरी परभारे मला पाठवलं. मास्टरसाहेब बाहेर गेलेले. मी शिडी लावली, वर चढलो. बटण बंद होतं, मी स्वतः बंद केलं होतं. वाटीला हात लावला आणि माझ्या मानेवर वारा आला. खालून. समजलं? पंखा वर, मी वर, आणि वारा खालून." ते जरा हसले, पण डोळे हसले नाहीत. "मी शिडी उचलली नि घरी आलो."

"मग मी काय करू?"

"शिकायला जायचंय म्हणतेस?" मी ते सांगितलं नव्हतं, पण नगर तेव्हा लहान होतं. त्यांनी डबी माझ्यासमोर ठेवली. "जुना काढण्याआधी दोन्ही तारांना पेचकस टेकव. कंडेन्सर बटण बंद केल्यावरही वीज धरून बसतो. आणि वर चढताना सांगून चढ."

"कोणाला सांगून?"

"ज्याची खोली त्याला," चाचा म्हणाले.

बुधवारी सर शाळेत होते. वरच्या मजल्याची किल्ली झाडलोटीसाठी आमच्याकडेच असे. भर दुपारी आई आडवी झाली आणि मी वर गेले. बाहेर इतकं ऊन होतं की आत आल्यावर क्षणभर काहीच दिसेना. मग भिंतीवरचे खडूचे आकडे दिसू लागले. एकशे दोन, एकशे तीन, एकशे तीन, आणि खाली मोकळी भिंत. मी खाटेला पाय लागणार नाही अशा बेताने टेबल सरकवलं, त्यावर स्टूल ठेवलं. बटण बंद आहे हे दोनदा पाहिलं. आणि मनातल्या मनात म्हटलं, काकू, मी वर चढते आहे.

वाटी सैल केली. आतला जुना कंडेन्सर माझ्या तळहाताएवढा होता, एका बाजूने फुगलेला, बुडाशी काळपट तेल सुटलेलं. चाचांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही तारांना पेचकस टेकवला. ठिणगी पडली नाही. निकामी कंडेन्सरमध्ये वीज साठत नाही, हे मी पुढे कॉलेजात शिकले. तारा सोडवल्या आणि डबी हातात घेतली. तिने मला झटका दिला. बोटांपासून कोपरापर्यंत हात बधिर झाला. कोणी मनगट घट्ट धरून एकदाच हिसडावं, तसा. स्टूल डगमगलं, पण मी पडले नाही. नवा कंडेन्सर जोडताना मी मोठ्याने म्हणत होते, "मला जाऊ द्या, काकू. मला जाऊ द्या." कोणाला ऐकू जाईल याचं भान नव्हतं.

खाली उतरले आणि बटण दाबलं. गुणगुण झालीच नाही. पंखा झटकन फिरू लागला, सुलटा, आणि वारा खाली आला. आणि मग मला भीती वाटली, तोवर वाटली नव्हती तेवढी. खोली रिकामी झाली होती. दोन वर्षं मी त्या खोलीत येत-जात होते, पण तिथे कोणी तरी असायचं हे मला तेव्हा कळलं, ते नसल्यावर. भिंत म्हणजे भिंत होती आणि खाट म्हणजे खाट. मी बटण बंद केलं, टेबल जागेवर लावलं, जुना कंडेन्सर पदराच्या गाठीत बांधला आणि जिन्यावरून पळाले.

गुरुवारी दोन वाजता अण्णा, मी आणि सर. सरांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "खालच्या पोरीला पुण्याला शिकायला जायचं आहे. पाठवायचं का?" आणि बटण दाबलं.

पंखा लगेच फिरला.

सरांचा बटणावरचा हात अजून खाली यायचा होता. त्यांनी वर पाहिलं. वाऱ्याने त्यांच्या कोटाची बाही हलत होती. ते बराच वेळ तसेच बघत राहिले, गाडी निघून गेल्यावर माणूस रुळांकडे बघत राहतो तसे. मग त्यांची नजर माझ्या उजव्या हाताकडे आली. तर्जनीला लहानसा काळा डाग होता. मी हात पाठीमागे घेतला.

अण्णा म्हणाले, "वारा येतोय, सर. म्हणजे हो म्हणाल्या ना?"

"हो," सर म्हणाले. "पाठवा तिला."

'घरात विचारलं' असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत. अण्णांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मी पुण्याला गेले. जुना कंडेन्सर ट्रंकेच्या तळाशी रुमालात गुंडाळून बरोबर नेला. फेकून द्यायला दोनदा नदीवर गेले आणि दोनदा परत आणला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या सरांचं काही खरं नाही गं. एवढ्या थंडीत दिवसभर पंखा लावून बसतात. चहा दिला तर तसाच पितात, थर्मामीटरसुद्धा काढत नाहीत."

मी वर गेले. खिडक्या लावलेल्या होत्या. सर घोंगडी पांघरून काकूंच्या खोलीत बसले होते आणि डोक्यावर पंखा भरधाव फिरत होता. ते इतके वाळले होते की आधी नुसती घोंगडीच दिसली.

"या, पहिल्या नंबरच्या बाई," ते म्हणाले. "तो घोडेगावचा आला होता काही तरी विचारायला. मी त्याला परत पाठवलं. म्हटलं, घरात कोणी नाही."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. चाचा, पेचकस, पदराची गाठ. ते ऐकत होते.

"मला पहिल्या क्षणी कळलं," ते म्हणाले. "तीस वर्षांत तिने मला एकदाही लगेच उत्तर दिलं नाही."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

त्यांनी घोंगडी सारखी केली. "ती नाही म्हणाली असती. तुला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पंखा फिरला तेव्हा खोलीत ती नव्हती. उत्तर देणारा मी एकटाच होतो." मग म्हणाले, "तिच्या मनाविरुद्ध मी तेवढा एकच शब्द बोललो गं. आता तिला सांगायचं आहे, तर ऐकायला ती नाही. दिवसभर पंखा लावून ठेवतो. कुठे अडखळतो का बघतो. नाही अडखळत."

"तो झटका..." मी म्हटलं. "जुन्यात वीज नव्हती, सर. मी पेचकस टेकवला होता. तरी चावला."

"कुठल्या हाताला?"

"उजव्या."

"मनगटाशी धरल्यासारखं?"

मी मान हलवली. सरांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी काही तरी जागं झालं असावं. "आण तो," ते म्हणाले.

मी ट्रंकेतून आणला. सरांनी स्वतः टेबल धरलं आणि मी वर चढले. नवा कंडेन्सर काढला, जुना, फुगलेला, पुन्हा जोडला. खाली उतरले तेव्हा दोन वाजायला थोडी मिनिटं होती, ती सरांनी घड्याळाला किल्ली देण्यात घालवली. मग सर खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मला वाटलं ते माफी मागतील. पण कौलाला प्रश्न लागतो, आणि सर पद्धत सोडणारे नव्हते.

"रागावलीस का?" त्यांनी विचारलं आणि बटण दाबलं.

गुणगुण सुरू झाली. पाच मिनिटं गेली. आठ गेली. सरांच्या हातात घड्याळ होतं आणि ते काट्याकडे न बघता पात्यांकडे बघत होते. दहा झाली. खोलीत तापलेल्या रोगणाचा वास येऊ लागला. तार जळाली असती तर पंखा कायमचा गेला असता, आणि मग विचारायलाही काही उरलं नसतं. "सर, बंद करते," मी म्हटलं. त्यांनी नुसता हात वर केला. अकरा. वास उग्र झाला. मी बटणाकडे निघाले.

तेव्हा एक पातं सरकलं. जरासं पुढे आलं, थांबलं, पुन्हा सरकलं. लसणाची शेवटची पाकळी सोलून व्हावी आणि मग मान वर व्हावी, तसं. पंखा सुलटा फिरला. गार वारा आमच्या डोक्यांवर आला आणि सरांचे विस्कटलेले पांढरे केस कपाळावर हलले.

"हो म्हणते," सर म्हणाले. त्यांचे दात थंडीने वाजत होते आणि तोंडभर हसू होतं. "रागावली आहे. अगं, चांगलीच रागावली आहे."

तुम्ही शिकलेली मुलं आहात, म्हणून हेही लिहून ठेवते. अशा मोटरला कुठूनशा झुळकेचा रेटाही पुरतो, हे मला माहीत आहे. मी पुढे तीस वर्षं तेच शिकवलं. आणि त्या दिवशी खिडक्या लावलेल्या होत्या, दारही.

सर थरथरत होते. मी घोंगडी त्यांच्या खांद्यांवर ओढली आणि पंखा बंद करायला बटणाकडे हात नेला.

"राहू दे," ते म्हणाले. "रागावली की मध्येच तोडलेलं तिला चालत नाही. पूर्ण बोलू दे."